न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर : नेमणूक, निवडणूक आणि न्याय

आमच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत तथागत बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीबाई, राजर्षी शाहू महाराज आणि बोधिसत्त्व बाबासाहेब डॉ. आंबेडकर यांच्या चरित्रांना मानाचे स्थान असावे हे स्वाभाविकच आहे. त्यांच्यासोबत या वेळी आम्ही एका वेगळ्या पुरुषाची जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहोत. सर नारायण गणेश चंदावरकर हे बौद्ध नव्हते. ते आपल्या समाजातून आलेले नव्हते, आणि चळवळीतले म्हणावेत असेही नव्हते. सारस्वत ब्राह्मण कुळात जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले, इंग्रज सरकारने सर ही पदवी दिलेले असे ते गृहस्थ होते. तरीही त्यांचे नाव आम्हांस येथे घ्यावेसे वाटते, याला दोन कारणे आहेत. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. आणि आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार ही मागणी अस्पृश्य बांधवांनी ज्या सभेत ठरावाच्या रूपाने मांडली, त्या सभेचे अध्यक्षस्थानही त्यांनीच स्वीकारले होते. या दोन गोष्टींमधील अंतर समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र उपयोगी पडते.

नारायणरावांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी उत्तर कानडा जिल्ह्यातील होनावर येथे झाला. हा जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. त्यांचे मामा शामराव विठ्ठल कैकिणी हे मुंबईतील वकील व सुधारक होते. नारायणराव शिक्षणासाठी मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. काही काळ तेथेच त्यांनी दक्षिणा फेलो म्हणून काम केले आणि १८८१ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. वकिली सुरू होण्यापूर्वीच ते ‘इंदुप्रकाश’ या इंग्रजी-मराठी पत्राच्या इंग्रजी बाजूचे संपादक झाले होते. हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. प्रार्थना समाज, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, संमतिवयाचा कायदा या सर्व प्रश्नांवर त्यांची लेखणी रानड्यांच्या बाजूने चालत असे.

निवडणूक या गोष्टीशी त्यांचा पहिला संबंध आला तो भारतात नव्हे, इंग्लंडात. १८८५ च्या अखेरीस इंग्लंडात पार्लमेंटची सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती. भारताची गाऱ्हाणी तेथील मतदारांच्या कानी घालावीत म्हणून तिन्ही इलाख्यांतून एकेक प्रतिनिधी पाठविण्यात आला. बंगालमधून मनमोहन घोष, मद्रासेतून सालेम रामस्वामी मुदलियार आणि मुंबईतून चंदावरकर. तिशीही न गाठलेला हा तरुण इंग्लंडच्या गावोगावच्या सभांतून बोलला. त्याच निवडणुकीत लालमोहन घोष हे भारतीय गृहस्थ डेप्टफर्ड मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. दादाभाई नवरोजींना पार्लमेंटात जाण्यासाठी १८९२ साल उजाडावे लागले. साध्या मजुराचे व दुकानदाराचे मत मागण्यासाठी मोठमोठे सरदार दाराशी येतात, हे दृश्य चंदावरकरांनी तेथे पाहिले. आपल्या देशात तेव्हा मत नावाची वस्तू सामान्य माणसाच्या हाती नव्हतीच. प्रतिनिधी परत आले त्याच सुमारास, २८ डिसेंबर १८८५ रोजी, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले.

पुढील पंधरा वर्षांत चंदावरकर उच्च न्यायालयातील वकील आणि राष्ट्रीय सभेतील वक्ते म्हणून नावारूपास आले. मुंबई विद्यापीठाच्या वतीने ते प्रांतिक कायदेमंडळावरही गेले. मात्र त्या काळच्या अशा निवडीचे स्वरूप वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्द मुद्दाम टाळलेला होता. विद्यापीठ, नगरपालिका, व्यापारी मंडळ अशा संस्थांनी नाव सुचवावे आणि गव्हर्नरने त्याची नेमणूक करावी, अशी ती रीत होती. शेतकरी, गिरणीकामगार, महार, चांभार, मांग, वारली, कातकरी यांपैकी कोणासही या सुचविण्याच्या रांगेत जागा नव्हती.

१९०० च्या डिसेंबरात लाहोर येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या सोळाव्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी चंदावरकरांची निवड झाली. देशातील सुशिक्षितांनी आपल्यातील एकास देऊ शकावा असा तो सर्वांत मोठा मान होता. रानडे आजारपणामुळे लाहोरास जाऊ शकले नाहीत, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चंदावरकरांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी नेमणूक झाली. नानाभाई हरिदास, काशिनाथ त्रिंबक तेलंग, रानडे, बद्रुद्दीन तय्यबजी अशा मोजक्याच भारतीयांना तोवर हा मान मिळाला होता. तय्यबजींप्रमाणे चंदावरकरही राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषवून न्यायासनावर बसले.

न्यायासनावर बसलेल्या माणसाने राजकारणात भाग घेऊ नये हा दंडक तेव्हाही होता. त्यामुळे चंदावरकरांचा राजकारणाशी असलेला संबंध बारा वर्षांसाठी तुटला. जी शक्ती राजकारणात खर्च झाली असती ती समाजसुधारणेकडे वळली. रानड्यांनंतर प्रार्थना समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. सामाजिक परिषदेचे कामही त्यांनी पुढे चालविले. १९०९ ते १९१२ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९१० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

न्यायमूर्ती म्हणून त्यांची कारकीर्द १९०१ ते १९१३ अशी झाली. हिंदू कायद्याच्या दाव्यांत मूळ संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊन निर्णय लिहिण्याबद्दल त्यांची ख्याती होती. पण त्यांचा प्रत्येक निर्णय लोकांनी डोक्यावर घेतला असे नाही. ताईमहाराज प्रकरणात न्या. हीटन यांच्यासह त्यांनी लोकमान्य टिळकांच्या विरुद्ध दिलेला निर्णय १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. नाशिक कटाच्या खटल्यासाठी नेमलेल्या तिघा न्यायाधीशांच्या विशेष न्यायालयात, मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट आणि न्या. हीटन यांच्या जोडीला ते बसले. याच न्यायालयाने १९१० च्या अखेरीस विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा दिली. निवृत्तीनंतर १९१८ मध्ये, बंगालमध्ये चौकशीवाचून स्थानबद्ध केलेल्यांची प्रकरणे तपासण्याच्या कामी न्या. बीचक्रॉफ्ट यांच्यासह त्यांची नेमणूक झाली. ८०६ प्रकरणांपैकी केवळ ६ जणांच्या बाबतीत पुरावा अपुरा असल्याचे या दोघांनी सांगितले. आरोपीस समोर उभे न करता, त्याच्या वकिलाचे न ऐकता झालेली ही तपासणी न्यायाच्या कसोटीस कितपत उतरते, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. याच चंदावरकरांनी १९२० मध्ये, जालियनवाला बागेच्या हत्याकांडावरील हंटर समितीच्या अहवालाचा निषेध करणाऱ्या मुंबईतील सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारले. थोर माणसांची चरित्रे लिहिताना अशा विसंगती झाकू नयेत असे आम्हांस वाटते. त्या झाकल्या की मुलांच्या हाती चरित्राऐवजी केवळ तसबीर येते.

आता आम्ही आमच्या शाळेच्या अगदी जिव्हाळ्याच्या भागाकडे येतो. विठ्ठल रामजी शिंदे हे ऑक्सफर्डला धर्माचे शिक्षण घेऊन १९०३ मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. देशभर हिंडताना अस्पृश्य वस्त्यांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. या कामासाठी स्वतंत्र संस्था हवी, अशी त्यांची खात्री झाली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईच्या गिरणगावात, परळ भागात, पहिली शाळा उघडून ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ सुरू झाली. शिंदे तिचे चिटणीस झाले आणि न्यायमूर्ती चंदावरकर अध्यक्ष.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने या संस्थेला आपले नाव द्यावे, याला त्या काळी मोठा अर्थ होता. अस्पृश्याची सावली टाळणारे लोक शहरात उघडपणे वावरत होते. सार्वजनिक शाळेतही अस्पृश्य मुलाला दाराबाहेर बसविले जाई. अशा वेळी न्यायमूर्तींच्या नावाने देणग्या मिळत, सरकारी दारे उघडत, आणि विरोधकांची जीभ थोडी आवरत असे. पण केवळ नावाने शाळा चालत नाही. मुलांच्या डोक्याला तेल लावणे, त्यांना आंघोळ घालणे, त्यांच्या तापाच्या रात्री जागविणे, वस्तीवस्तीत जाऊन आईबापांची समजूत घालणे ही कामे शिंदे, त्यांच्या भगिनी जनाबाई आणि त्यांचे कुटुंबीय यांनी केली. शिंद्यांचे कुटुंब या मुलांमध्येच राहत असे. मंडळीच्या शाळांबरोबर वसतिगृहे निघाली. पुस्तकबांधणी, शिवण अशा हातकामांची सोय झाली. पुण्यातील केंद्रासाठी इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून अहल्याश्रम उभा राहिला. चंदावरकर स्वतः निवृत्तीनंतर, १९१३-१४ च्या सुमारास, इंदूर संस्थानचे दिवाण होते.

ज्या मुलाच्या घरी दिवा नाही, ज्याचे आईबाप पोटासाठी गाव सोडून जातात, त्याच्यासाठी शाळेइतकेच वसतिगृह महत्त्वाचे असते. हे आमच्या मसोलीच्या आणि डहाणू-तलासरीच्या पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा मच्छीमारांच्या बोटींवर कामाला जाणाऱ्या कुटुंबातील मूल शाळेत टिकते ते वसतिगृहामुळेच. त्या अर्थाने १९०६ च्या त्या कामाशी आमचे नाते आहे, आणि ते आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

तथापि मंडळीच्या नावातील पहिल्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही असा. आसरा देणारा कोणी वेगळा असतो आणि घेणारा वेगळा, असे हा शब्द गृहीत धरतो. संस्थेचे अध्यक्ष, देणगीदार व व्यवस्थापक बहुतेक वरच्या जातींतील होते. शिकून मोठ्या झालेल्या तरुणांना पुढे प्रश्न पडला की ज्यांच्यासाठी ही संस्था आहे त्यांच्या हाती तिचा कारभार कधी येणार? हा प्रश्न उत्तरोत्तर तीव्र झाला, आणि १९२३ मध्ये शिंदे स्वतः संस्थेच्या कारभारातून बाजूला झाले. आसऱ्यापासून अधिकारापर्यंतचा प्रवास असा सुरू झाला होता.

या प्रवासातील एक मोठा टप्पा म्हणजे ११ नोव्हेंबर १९१७ ची मुंबईतील सभा. पहिले महायुद्ध चालू होते. भारताला हळूहळू जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा भारतमंत्री माँटेग्यू यांनी ऑगस्टमध्ये केली होती. राष्ट्रीय सभा व मुस्लिम लीग यांनी एकत्रितपणे आपली योजना पुढे केली होती. कायदेमंडळे वाढणार, त्यांत लोकनियुक्त प्रतिनिधी येणार, हे स्पष्ट दिसत होते. प्रश्न उरला तो एवढाच की अस्पृश्यांच्या वतीने तेथे कोण बसणार.

सर नारायण चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य समाजाची ही सभा भरली. तिने राष्ट्रीय सभा व लीग यांच्या योजनेस पाठिंबा दिला. पण त्याबरोबरच दुसरी एक मागणी केली. अस्पृश्यांची लोकसंख्या मोठी आहे, त्यांची स्थिती हलाखीची आहे, म्हणून त्यांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळावा. सक्तीचे व मोफत शिक्षण मिळावे असाही ठराव झाला. आणि अस्पृश्यांवर धर्माच्या व रूढीच्या नावाने लादलेली बंधने दूर करण्याचा ठराव राष्ट्रीय सभेने येत्या अधिवेशनात करावा, अशी विनंती करण्याचे काम अध्यक्षांवर सोपविण्यात आले. एक आठवड्याने बापूजी नामदेव बागडे यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईतच अस्पृश्यांची दुसरी सभा भरली. तिने मात्र राष्ट्रीय सभेच्या योजनेस पाठिंबा नाकारला. आपल्या समाजात तेव्हाही एकच मत नव्हते, आणि ते असायलाच हवे होते असेही नाही. पण कायदेमंडळांत आपले स्वतःचे प्रतिनिधी असावेत ही मागणी या सभेनेही केली.

डिसेंबर १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि अस्पृश्यांवरील बंधने दूर करण्याचे आवाहन करणारा ठराव संमत झाला. स्थापनेनंतर बत्तीस वर्षांनी राष्ट्रीय सभा या विषयावर बोलली. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या घटनेची चिकित्सा केली आहे. अस्पृश्यांचा पाठिंबा हवा होता म्हणून हा ठराव झाला, त्यामागे मनःपरिवर्तन नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आम्हांस तो पटतो. चंदावरकरांनी केलेली मध्यस्थी सद्भावनेची असेल, पण राष्ट्रीय सभेने प्रतिनिधी निवडण्याची मागणी बाजूला ठेवली आणि केवळ आवाहनाचे शब्द दिले. मागणाऱ्यांनी हक्क मागितला होता. मिळाली ती सहानुभूती.

पुढे मतदानाचा अधिकार कोणास द्यावा हे ठरविण्यासाठी साउथबरो समिती आली. २७ जानेवारी १९१९ रोजी सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तिच्यापुढे साक्ष दिली. सरकारने नेमलेला प्रतिनिधी नको, अस्पृश्यांनी निवडलेला हवा, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांचे ऐकले गेले नाही. १९१९ च्या कायद्यानुसार मताचा हक्क मालमत्ता व कर यांवर अवलंबून राहिला. डहाणूच्या जंगलपट्टीत सावकाराच्या जमिनीवर वेठ करणाऱ्या वारली कुळाच्या नावावर जमीनच नव्हती, मग मत कोठून असणार? ती वेठ मोडण्यासाठी १९४५ साल आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने झालेला वारल्यांचा लढा यावा लागला.

१९२१ मध्ये नवे मुंबई कायदेमंडळ अस्तित्वात आले. त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून गव्हर्नरने चंदावरकरांचीच नेमणूक केली. त्यांच्यासमोरच्या बाकांवर अस्पृश्यांच्या वतीने ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप बसत, पण तेही सरकारनियुक्त. १९१७ च्या सभेत जो हक्क मागितला गेला होता, तो त्या सभेचे अध्यक्ष ज्या सभागृहाचे अध्यक्ष झाले त्या सभागृहातही नव्हता. हे पद भूषवीत असतानाच १४ मे १९२३ रोजी बंगळूर येथे चंदावरकरांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, त्याच कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात म्हटले होते. या ठरावाच्याच आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले.

निवडणुकीचा हक्क मिळण्यास त्याहूनही वेळ लागला. बाबासाहेब स्वतः प्रथम कायदेमंडळावर गेले ते नियुक्त सभासद म्हणून. गोलमेज परिषद झाली, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला, आणि त्याअन्वये मुंबई प्रांतात पंधरा राखीव जागा ठरल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले. त्यांच्या पक्षाच्या विजयी उमेदवारांत पुणे पश्चिम मतदारसंघातील आर. आर. भोळे हे तरुण वकील होते. हेच भोळे पुढे न्यायखात्यात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९८० मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून ते लोकसभेवर निवडून गेले.

चंदावरकर आणि भोळे या दोन न्यायमूर्तींची नावे आम्ही मुद्दाम शेजारी ठेवीत आहोत. पहिल्याने आपल्या समाजासाठी अध्यक्षस्थान स्वीकारले. दुसरा त्याच समाजाने निवडून दिला आणि मग त्याच न्यायालयाच्या आसनावर बसला. सभेपासून या निवडणुकीपर्यंत वीस वर्षे गेली, आणि त्या वीस वर्षांचे काम कोणा एका परोपकारी माणसाने केलेले नाही. ते महाडच्या तळ्यावर, काळाराम मंदिराच्या दारात, वस्तीतल्या रात्रीच्या शाळांत आणि वसतिगृहांच्या कंदिलाखाली झाले.

म्हणून चंदावरकरांविषयी आमची भावना दुहेरी आहे. ज्या काळी त्यांच्या वर्गातील बहुतेक लोक तोंड फिरवीत होते, त्या काळी त्यांनी आपले नाव, पद आणि वेळ दिला. हे ऋण आहे आणि ते मानलेच पाहिजे. पण चांगला न्यायाधीश, चांगला दाता, चांगला अध्यक्ष मिळाला तरी आपल्या वतीने बोलण्याचे काम त्याच्यावर सोपवून स्वस्थ बसता येत नाही. १९१७ च्या सभेतील आपल्या पूर्वजांना हे कळले होते. त्यांनी अध्यक्षांचा मान राखला आणि त्याच मंचावरून आपले प्रतिनिधी आपण निवडू असा ठराव केला.

आज डहाणू विधानसभा व पालघर लोकसभा हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोणी वकील होईल, कोणी न्यायाधीशही होईल, आणि त्याचा आनंद या वसतिगृहाच्या भिंतींना होईल. पण जे शेतावर, भट्टीवर, बोटीवर किंवा कारखान्यात जातील त्यांच्याकडूनही आमची एक अपेक्षा आहे. ग्रामसभेत बसावे, मतदार यादीत नाव आहे की नाही ते पाहावे, दारूच्या बाटलीवर किंवा नोटेवर मत विकू नये, आणि निवडून दिलेल्याला पाच वर्षे जाब विचारीत राहावे. मत मिळण्यापूर्वी ते मागणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्याविना गेल्या, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

सर नारायण चंदावरकरांच्या स्मृतीस, आणि त्या सभेत ठरावाला हात वर करणाऱ्या, ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशा सर्व बांधवांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय. जय भीम.